मदत हवी आहे: कोलोरेक्टल कॅन्सरमध्ये फायब्रोसिस आणि सीडी८ पेशींचा मेळ बसत नाहीये

नमस्कार मंडळी,

एमडी पॅथॉलॉजीच्या थिसिससाठी मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे जुने ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) काढून बसले आहे. गृहीतक असं, की गाठीत फायब्रोसिस (तंतुमय ऊतींची वाढ) जितका दाट, तितक्या सीडी८ टी-पेशी (कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) आत कमी शिरणार. म्हणून मॅसन ट्रायक्रोमवर (तंतूंतलं कोलॅजेन निळं दाखवणारा रंग) निळा भाग किती टक्के ते क्यूपाथ सॉफ्टवेअरमध्ये मोजते, लगतच्या सेक्शनवर सीडी८ मोजते. आलेखावर ठिपके नुसते विखुरलेत, कल असा दिसतच नाही.

दोन स्लाइड शेजारी ठेवल्या की डोकं चालेनासं होतं. निळा भाग दोन्हींत जवळपास सारखाच. एकीत गाठीच्या पुढच्या कडेला बारीक, समांतर तंतूंचे थर आहेत आणि तपकिरी सीडी८ पेशी त्यांतून वाट काढत ग्रंथींच्या एपिथेलियमपर्यंत (अस्तरापर्यंत) पोचल्यात. दुसरीत कोलॅजेनचे जाडजूड पट्टे. पेशी इथेही भरपूर, पण सगळ्या पट्ट्यांच्या कडेला ताटकळलेल्या. ग्रंथीत शोधून एक सापडत नाही. मी मात्र ग्रंथीतल्या आणि बाहेरच्या पेशींचा मिळून प्रत्येक स्लाइडला एकच आकडा लिहिते, आणि तो आकडा दोन्हींत सारखाच येतो!

गाईड म्हणतात, केसेस वाढव. मला वाटतं मोजमापच बदलायला हवं. पण मोजू काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

पॅरॅफिन:
केसेस वाढवून हे सुटणार नाही. टक्केवारी बाजूला ठेवा, स्ट्रोमाचा (कॅन्सरच्या पेशींभोवतीच्या आधार-ऊतींचा) पोत बघा. जपानी संशोधक उएनो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरसाठी गटवारी मांडली, ती साध्या एच-अँड-ई वर (नेहमीच्या रंगवलेल्या स्लाइडवर) होते, जादा खर्च काही नाही. गाठीच्या पुढच्या कडेला फक्त बारीक तंतूंचे थर असतील तर परिपक्व. केलॉइडसारखे (उंचावलेल्या व्रणात असतात तसे) जाड पट्टे दिसले तर मध्यम. आणि ४०च्या ऑब्जेक्टिव्हचं अख्खं फील्ड भरेल इतका मिक्सॉइड (बुळबुळीत, जेलीसारखा) स्ट्रोमा असेल तर अपरिपक्व. रुग्णाच्या दृष्टीने परिपक्व सर्वांत बरा, अपरिपक्व सर्वांत वाईट. गंमत बघा, मिक्सॉइड भागात पक्कं कोलॅजेन कमी असतं, म्हणजे ट्रायक्रोमवर तो निळा फारसा भरतच नाही. सगळ्यात वाईट स्ट्रोमालाच तुमचं सॉफ्टवेअर कमी गुण देतंय.

आणि सीडी८चा एक आकडा नको. ग्रंथीच्या आतल्या वेगळ्या, स्ट्रोमातल्या वेगळ्या, मध्यभागी आणि मार्जिनला (गाठीच्या कडेला) वेगळ्या. इम्युनोस्कोर या चाचणीतसुद्धा सीडी३ (सर्व टी-पेशींची खूण) आणि सीडी८ मध्यभागी व मार्जिनला असे दोन्हीकडे मोजतात, ते उगाच नाही.

सूक्ष्मदर्शी:
पॅरॅफिन यांच्याशी सहमत, फक्त एक भर. फायब्रोसिस म्हणजे भिंत आणि टी-पेशी त्याच्यापलीकडे अडकलेल्या, एवढंच चित्र डोक्यात ठेवू नका. टीजीएफ-बीटा हे संकेत-प्रथिन फायब्रोब्लास्टना (तंतू बनवणाऱ्या पेशींना) कोलॅजेन विणायला लावतं आणि तेच टी-पेशींचे हातही बांधतं. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येत असतील तर एक दुसरीचं कारण, असं लिहिता येणार नाही. बार्सिलोनाच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांत टीजीएफ-बीटाचा मार्ग औषधाने रोखला, तेव्हा आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत टी-पेशी शिरल्या आणि यकृतातले मेटास्टेसिसही इम्युनोथेरपीला दाद देऊ लागले. २०१५च्या सीएमएस वर्गवारीतला (आतड्याच्या कॅन्सरचे जनुकांच्या कामावरून पाडलेले चार गट) चौथा गट, साधारण २३ टक्के रुग्णांचा, हाच: स्ट्रोमा भरपूर, टीजीएफ-बीटा सक्रिय, निकाल वाईट.

आता दोन प्रश्न. एमएसआय केसेस (डीएनए-दुरुस्ती बिघडलेल्या गाठी) वेगळ्या काढल्यात का? त्यांत म्यूटेशन इतकी असतात की लिम्फोसाइट मुळातच खच्चून असतात. आणि गुदाशयाच्या केसेसना शस्त्रक्रियेआधी रेडिएशन मिळालं होतं का? रेडिएशननंतरचा फायब्रोसिस हा गाठ विरल्याचा व्रण असतो, ट्यूमर रिग्रेशन ग्रेड (उपचारांनी गाठ किती विरली याची श्रेणी) त्यावरच तर ठरते. तो यात मिसळला तर आलेख विखुरणारच.

मूळ धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. एमएमआरचे (डीएनए-दुरुस्तीच्या प्रथिनांचे) चारही मार्कर बहुतेक केसेसना आहेत, त्यावरून एमएसआय केसेस वेगळ्या करते. रेडिएशनच्या केसेस एकाच गठ्ठ्यात होत्या, त्या आजच बाजूला काढल्या. काही ब्लॉकमध्ये पुढची कड आलेलीच नाही, त्यांचं काय? आणि गटवारी मी केली, गाईडनी वेगळी केली, तर कुणाची धरायची?

पॅरॅफिन:
कड नसेल तर ग्रॉसिंगच्या (नमुना कापून तुकडे घेतानाच्या) नोंदी बघून त्याच केसचा दुसरा ब्लॉक मागवा, नाहीच मिळाला तर केस वगळा. गटवारी दोघांनी स्वतंत्र करा, कप्पा (दोघांच्या मतांत किती मेळ आहे याचा आकडा) काढा, मतभेदाच्या स्लाइड एकत्र बसून बघा. मात्र तोवर सीडी८चे आकडे दोघांपैकी कुणीही उघडायचे नाहीत.