बडोद्याहून जुनागढ, गिरनार, दीव: चार दिवसांचा क्रम कसा लावावा?

वाडीकर: जानेवारीत चार दिवस आहेत. जुनागढच्या नवाबाचा महाबत मकबरा, गिरनारच्या शिखरावरच्या दत्तपादुका, मग दीवचा समुद्र. सोबत आई-बाबा, सत्तरीजवळचे. बाबांचे गुडघे दुखतात. रोपवेमुळे गिरनार झेपेल का? चांपानेरही यातच बसवावं का?

दांडियाबाजारकर: रोपवे अंबाजीच्या देवळापर्यंतच जातो. तिथून पुढे गोरखनाथ शिखरावर चढायचं, मग बरंच उतरून दत्तशिखर पुन्हा चढायचं, आणि येताना तेच उलट. सुमारे दहा हजार पायऱ्यांपैकी निम्म्याच वाचतात. बाबांसाठी डोली करा. दर माणसाच्या वजनावर असतो, तो बसण्याआधीच ठरवा. वारा वाढला की रोपवे थांबवतात आणि वर अडकलेल्यांना पायऱ्या उतराव्या लागतात. म्हणून पहिला दिवस प्रवासाचा, दुसऱ्या दिवशी पहाटे गिरनार, तिसरी सकाळ राखीव. दीव आधी मुळीच नको: उतरताना पोटऱ्या भरून येतात, त्यांना विश्रांती समुद्रावरच मिळते. पाण्याला स्टीलची बाटली. प्लास्टिकला वर मनाई आहे.

जाळी_कमान: मकबरा १८९२ साली पुरा झाला. कांद्याच्या आकाराचे घुमट आणि जमिनीपर्यंत उतरणाऱ्या युरोपीय धाटणीच्या खिडक्या, असा मेळ क्वचितच पाहायला मिळतो. शेजारच्या वजिराच्या मकबऱ्याचे मिनार चुकवू नका. जिने बाहेरून वेटोळे घेत चढतात. जुनागढच्या उपरकोट किल्ल्याला निदान तीन तास द्या. ‘अडी कडी वाव ने नवघण कूवो, जेणे न जोयो ते जीवतो मूओ’ (अडी कडी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आणि नवघण विहीर ज्याने पाहिली नाही तो जिवंतपणीच मेला) असं उगाच म्हणत नाहीत. वावेच्या पायऱ्या आई-बाबांना जड जातील; त्यांना मशीद आणि नीलम तोफ दाखवा.

मांडवी_दरवाजा: त्या तोफेतच तुमची सहल जुळते. १५३५मध्ये हुमायूनने चांपानेर घेतलं. त्याच संकटात सुलतान बहादूरशाहने पोर्तुगीजांना दीवमध्ये किल्ला बांधू दिला. तो काढून घ्यायला उस्मानी तुर्कांचं आरमार १५३८मध्ये आलं, हरलं, आणि त्यांची नीलम उपरकोटवर पोचली. म्हणून चांपानेर जरूर पाहा, पण आधीच्या एखाद्या रविवारी. बडोद्याहून जेमतेम पन्नास किलोमीटर. जामी मशिदीचे १७२ खांब घाईत पाहण्यासारखे नाहीत. चांपानेरलगतचा पावागड डोंगर त्याच दिवशी नको, त्याच्या माचीच्या गर्दीत दुपार जाते.

दीवला नागवा किनारा आई-बाबांना सोयीचा. उत्तरायणाची (संक्रांतीची) सुट्टी टाळा, खोल्या मिळत नाहीत. आणि परतताना गाडीत दारूची बाटली नको. गुजरातच्या हद्दीवर तपासणी होते.