मदत हवी आहे: ओटीजीत काडीवरचे सुरमईचे तुकडे भाजण्याऐवजी उकडल्यासारखे होतात

कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतो. बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवायला सोसायटीची परवानगी नाही, त्यामुळे ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन; कमाल २५० अंश, वर-खाली दोन्ही रॉड) किंवा बिडाचा ग्रिल तवा एवढंच हाताशी आहे.

गणेश पेठेतून सुरमई आणतो, मधला काटा काढून दीड इंचाचे तुकडे करतो. आलं-लसूण, हळद, तिखट, लिंबू आणि चक्का लावून अर्धा तास फ्रीजमध्ये. बांबूच्या काड्या आधी पाण्यात भिजवतो, त्या जळत नाहीत. अडचण पुढे आहे. तव्यावर मासा चिकटतो, उलटताना साल तव्यालाच राहते. ओटीजीत चिकटत नाही, पण पाणी सुटतं आणि भाजल्याऐवजी उकडल्यासारखा होतो. सिमला मिरची नि कांदा तोवर कच्चेच. भाज्या वेगळ्या काडीवर लावून पाहिल्या, त्या छान होतात, पण माशाचं रडगाणं तेच.

चक्क्याऐवजी नुसतं तेल-मसाला करून पाहिलं. चिकटणं कमी झालं, पण मसाला धरत नाही. रवा लावा असं सांगू नका, तो तव्यावरच्या तळलेल्या माशाला शोभतो.

घरात एकजण शाकाहारी असल्याने भाज्यांच्या काड्या वेगळ्याच राहतील. नॉनस्टिक नको. बासा मासा मुलांना आवडत नाही.

तर विचारायचं असं: ओटीजीत फक्त वरचा रॉड लावून जाळी अगदी वरच्या खाचेत ठेवली तर पाणी न सुटता वरून करपट रंग येईल का? आणि लिंबू आधी न लावता शेवटी पिळलं तर फरक पडतो का?