बंबाचं धुराडं घरीच दुरुस्त करायचंय, भोवती काय गुंडाळू?

पेठेतलाच
सदाशिव पेठेत आजोबांच्या वेळचं कौलारू घर आहे. न्हाणीघरात तांब्याचा बंब अजून रोज पेटतो. (गिझर आहे, पण आईला बंबाचंच पाणी लागतं. तो वाद इथे नको, घरात पुरेसा होतो.) बंबावरून चार इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप तक्तपोशीतून आणि कौलांतून वर जातो. तक्तपोशीपाशी त्याला जुन्या सिमेंटच्या पाइपचं कवच आहे, ते तडकलंय. पाइप गंजून सांध्यात करंगळी जाते. पावसात कडेने पाणी ठिबकतं आणि पेटवल्यावर पहिली दहा मिनिटं सगळा धूर खाली. नवा पाइप टाकून भोवती ग्लासवूल आणि वरून पत्रा, असं केलं तर चालेल? पत्र्याचं काम मला जमतं. दिवाळीच्या आत उरकायचंय.

बंबफोड
ग्लासवूल नको. त्यातला चिकट बाइंडर तापला की जळतो. थर्माकोल आणि फोमचं तर नावच काढू नका. सिरॅमिक वूलचं ब्लँकेट घ्या, १२६० डिग्रीचं म्हणून मिळतं. आतला पाइपही जीआय नको, ३०४ स्टेनलेस घ्या. जस्त ४२० डिग्रीच्या आसपास वितळतं, मग पत्रा उघडा पडतो आणि गंज पुन्हा सुरू.

पण आधी सांगा, पाइपाशेजारचा वासा काळा पडलाय का?

पेठेतलाच
पडलाय. काजळी असेल असं समजून पुसत आलो.

बंबफोड
पुसून जातो का?

पेठेतलाच
नाही.

बंबफोड
मग ती काजळी नाही, लाकूड भाजतंय. वर्षानुवर्षं शेकलेलं लाकूड ताज्या लाकडापेक्षा कमी उष्णतेला पेट घेतं, त्यामुळे ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा हिशोब इथे लागू नाही. उघड्या एकेरी पाइपापासून लाकूड अठरा इंच लांब हवं. जुन्या घरात एवढी जागा कुठली! म्हणून दुहेरी पाइप करायचा: आत चार इंची, बाहेर आठ इंची, मधे वूल. कंपनीच्या तयार दुहेरी पाइपाला लाकडापासून दोन इंच चालतात. आपण घरी केलेल्यावर तेवढा भरवसा ठेवू नका. मी माझ्याकडे सहा इंच सोडले, तक्तपोशीच्या दोन फळ्या कापल्या आणि ते भोक पत्र्याच्या चौकटीने झाकलं. त्या मोकळ्या जागेत काही कोंबायचं नाही.

दोन जिने वर
त्या सिमेंटच्या कवचाला ग्राइंडर लावू नका!! जुने सिमेंट पाइप बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात. पाणी मारून ओलं करा, चांगला मास्क लावा, न फोडता अख्खं उतरवा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. सिरॅमिक वूल कापतानाही मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. मी एकदा बनियनवर कापलं होतं, दोन दिवस मान खाजवत होतो.

सोलरवाला
एवढ्या खटपटीत छतावर सोलर बसला असता.

पेठेतलाच
म्हटलं ना, वाद नको. धूर खाली का येतो ते कुणी सांगा. कौलांवर पाइप दीड फूटच आहे. सहा फुटांवर शेजारच्या घराची भिंत वर गेलीय.

बंबफोड
उत्तर तुम्हीच दिलंत. पाइप छपरातून निघतो तिथून किमान तीन फूट वर हवा, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही दोन फूट वर. नाहीतर भिंतीवर आपटलेला वारा तुमच्याच पाइपात शिरतो. भिंतीएवढं वर जाणं शक्य नसेल तर टोपी बसवा, थोडा फरक पडतो.

दुसरं कारण गारठा. गरम धूर हलका म्हणून वर चढतो. उघडा पाइप थंड असला की धूर वाटेतच गार होतो, ओढ मरते आणि वाफ-काजळीचं डांबर आत साचतं. म्हणजे वूल फक्त वाशाला वाचवत नाही, धूरही तापता ठेवतं. कौलांच्या वरच्या भागालाही गुंडाळा, लोक नेमकं तेच सोडतात. पेटवण्याआधी बंबाच्या तोंडाशी उदबत्ती धरून बघा. धूर आत ओढला गेला तर लाकडं लावा. बाहेर आला तर आधी कागदाचा बोळा पेटवून पाइप तापवा. न्हाणीघराचा झरोका उघडाच ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि आंघोळीला दार लावून बसलेल्या माणसाला कळतही नाही.

जोडताना वरच्या पाइपाचं निमुळतं तोंड खालच्या पाइपात उतरवा. उलट केलंत तर डांबर सांध्यातून बाहेर ओघळतं.

शाकारणी
गळतीचं राहिलं. सिमेंटचा गिलावा थापू नका, पाइप तापून-निवून हलतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तडा जातो. ॲल्युमिनियमचा पत्रा वरच्या कौलाखाली सरकवायचा आणि खालच्या कौलावर आणायचा. त्याच्या वर बाहेरच्या पाइपाला कॉलर. पत्रा पाइपाला पक्का रिवेट करायचा नाही.

पेठेतलाच
आज चार कौलं काढून पाहिलं. वाशात पेचकस टेकवला तर इंचभर आत गेला, बाहेर काढल्यावर टोकाला कोळशाची भुकटी. बंब बंद केलाय, आई गिझरवर आहे आणि माझ्याशी बोलत नाही. आता धुराड्याआधी वासा बदलणं आलं. तक्तपोशी न उतरवता वासा बदलून देणारा सुतार पेठेत कुणाच्या ओळखीत आहे का?