मदत हवी आहे: साठवलेल्या ब्रॉयलर ब्रीडर अंड्यांची हॅच पडते

सेटरवाला
ब्रीडर म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या आईबापांचा कळप, त्याची अंडी. ताज्या अंड्यांची हॅच, म्हणजे पिल्लं निघण्याचं प्रमाण, चांगलं. साठवलेला लॉट लावला की दहा-बारा टक्के खाली. सेटर (उबवण यंत्र) ३७.६ अंशांवर, आर्द्रता ठीक, ट्रे दर तासाला वळतात. यंत्र तपासून झालंय, ते सांगू नका. सोमवारी पुढचा लॉट लावायचाय, लवकर सांगा.

बलक
किती दिवस साठवता? खोलीचं तापमान? फ्लॉकचं (कळपाचं) वय? यावरच सगळं ठरतं.

सेटरवाला
१० ते १२ दिवस. खोली १८ वर. फ्लॉक ५८ आठवड्यांचा.

बलक
१८ चाललं असतं तीन-चार दिवसांसाठी. आठवडाभरासाठी १५-१६, दहा दिवसांपुढे १२ ते १४, आर्द्रता ७५ ते ८० टक्के. गर्भाची वाढ थांबली तरी पेशी मरतच असतात. कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने पांढऱ्याचा सामू ९ च्या वर जातो आणि तो पातळ होतो. वयस्क फ्लॉकचा पांढरा आधीच पातळ. साठवायची वेळ आली तर तरुण फ्लॉकची ठेवा. ही ५८ आठवड्यांची सोमवारपर्यंत थांबवू नका, सेटर रिकामा असेल तर आजच लावा.

ऊब_द्या
थंड करून अर्धंच भागतं. साठवणीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी कवच ३२ च्या वर जाईपर्यंत उबवा आणि लगेच परत थंड करा. ३२ च्या वरचा एकूण वेळ १२ तासांच्या आत हवा.

बलक
मल्टिस्टेज सेटर (एकाच यंत्रात वेगवेगळ्या दिवसांचे लॉट) असेल त्याला हे सांगू नका. थंड ट्रॉली आत गेली की शेजारच्या लॉटचं तापमान पडतं.

ऊब_द्या
त्या सेटरमध्ये करा असं म्हटलंच नाही. वेगळं यंत्र लागतं. कवचाचं तापमान मोजता येत नसेल तर मात्र हात लावू नका.

कवच
साठवताना निमुळतं टोक वर ठेवा किंवा रोज एकदा ९० अंशांत वळवा. सेटरमध्ये रुंद टोक वरच. आणि खोलीतून काढलेली अंडी घामेजली असतील तर सुकेपर्यंत फ्युमिगेशन (जंतुनाशक धुरी) नको.

पिल्लूघर
पिल्लं आल्यावर चोवीस तासांत गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलीय का ते हाताने चाचपून बघा, पुढची मरतूक कमी होते.

बलक
पिल्लं निघाली तर! सेटरवाला, न फुटलेली अंडी फोडून बघितली का? पहिल्या तीन दिवसांतली मरतूक जास्त की चोच मारून अडकलेली?

सेटरवाला
दोन्ही. चोच मारलेली बरीच, त्यातली काही जिवंतही असतात.

कवच
ताजी आणि साठवलेली एकाच वेळी लावून एकाच वेळी काढता का?

सेटरवाला
हो, एकाच हॅचरमध्ये (शेवटी पिल्लं बाहेर पडतात त्या यंत्रात).

कवच
मग ती जिवंत पिल्लं तुम्हीच मागे टाकताय. साठवणीच्या दर दिवसामागे उबवण साधारण तासभर लांबते. साठवलेली तेवढे तास आधी लावा. लवकर मेलेली आहेत ती मात्र खोलीच्या तापमानाची, त्याला बलकने सांगितलंय तेच करा.

सेटरवाला
खोली आज १२-१४ वर आणतो. ५८ वाली रात्रीच सेटरमध्ये. थेट खोलीतून लावू का?

कवच
नको. २४-२५ वर सहा-आठ तास, पंखा चालू, ट्रॉल्यांमध्ये अंतर ठेवून. मगच आत.