रिकाम्या बॉक्समध्ये स्क्रिप्टनं परस्पर उत्तर भरायचं का? माझं मत: नाही

रावेरकर
मी सध्या स्टोरीलाइनमध्ये (ऑनलाइन कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर) केळीवाल्यांसाठी मराठी कोर्स बनवू राहिलोय आणि एका गोष्टीवरून टीममध्ये रोज वाद चालूय म्हणून इथं टाकतो. तीन टेक्स्ट एन्ट्री, म्हणजे उत्तर लिहायचे बॉक्स आहेत, नाव, किती खोडं लावली, आणि बागेत करपा (पानावर ठिपके पाडणारा रोग) दिसला का. शेतकऱ्यानं काही न लिहिता पुढे दाबलं की आमची जावास्क्रिप्ट गेटव्हार या कमांडनं व्हेरिएबल (उत्तर साठवलेला कप्पा) वाचते आणि रिकामं दिसलं तर सेटव्हारनं नावात "शेतकरी मित्र", खोडांत ०, करप्यात "नाही" असं भरून टाकते. नावाचं मला मान्य, "नमस्कार" च्या पुढं नुसती मोकळी जागा वाईट दिसते. पण करप्यात "नाही"?? त्या माणसानं ते म्हटलंच नाही ना. ज्याला पानावरचे ठिपके करप्याचे का कशाचे हे ओळखता येत नाही तोच बॉक्स रिकामा सोडतो, आणि "नाही" भरल्यामुळं कोर्स त्यालाच करप्याच्या धड्यावरून उडवून पुढं नेतो. ज्याला धडा पाहिजे त्याच्यापासूनच आपण तो लपवला. मला हे चूक वाटतं, अगदी मनापासून.

धुळे_डेव्हलपर
भो तुमची कळकळ समजते पण नुसतं रिकामं सोडून चालत नाही. कोर्स देणाऱ्याला रिपोर्ट लागतो, त्यात रिकामे रकाने दिसले की पहिला फोन मलाच येतो, "कोर्स बिघडला का". आणि रिकामं म्हणजे वेगळं काहीतरी असतं हे सगळीकडं खरं नाही, ओरॅकल डेटाबेस रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) आणि नल (किंमतच नाही) एकच धरतो, मोठमोठी कामं त्यावर चालतात. काहीतरी ठरलेली किंमत भरली की पुढच्या कंडिशन सोप्या होतात, तपासायला एकच जागा राहते. मी तर भरणारच.

रावेरकर
भरा ना दादा, पण "नाही" भरू नका. "उत्तर दिलं नाही" भरा. रकाना पण भरला आणि खोटं पण झालं नाही. खोडांचं तर अजून वाईट आहे, जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या स्ट्रिंगचा नंबर केला की गुपचूप ० येतो, एरर पण देत नाही. आणि स्टोरीलाइनचा नंबर व्हेरिएबल तर ० धरूनच सुरू होतो, म्हणजे ज्यानं लिहिलं नाही तो आणि ज्याच्याकडं यंदा केळी नाही तो, दोघं एकच झाले. म्हणून मी आकडा पण टेक्स्ट व्हेरिएबलमध्येच घेतो आणि आधी रिकामं तपासून मगच नंबर करतो.

अमळनेरची_ताई
रावेरकर दादांशी सहमत. मी शिक्षकांसाठीचे कोर्स करते, माझा अनुभव असा की रिकामं कशाला म्हणायचं हेच आधी नीट ठरवत नाहीत लोक. मोबाईलवर मराठी कीबोर्डनं शब्द सुचवला की मागं स्पेस आपोआप पडते, मग लिहिलेलं खोडलं तरी ती स्पेस राहून जाते आणि स्टोरीलाइनची "रिकामं आहे का" ही कंडिशन म्हणते रिकामं नाही! त्यासाठी ट्रिम, म्हणजे मागचीपुढची स्पेस कापणारी कमांड, लावावंच लागतं. आणि ट्रिमनं पण सगळं जात नाही, "दुसर्‍या" मधला र नीट दिसावा म्हणून जो न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर असतो ना, तो एकटा उरला तर ट्रिम त्याला हात लावत नाही, तो वेगळा काढावा लागतो. अजून एक, कोणी ४५०० असं मराठी आकड्यात लिहिलं तर जावास्क्रिप्टला तो नंबरच वाटत नाही. म्हणजे बिचाऱ्यानं बरोबर लिहिलं आणि आपण त्याला चुकीच्या उत्तरात धरलं. आधी आकडे इंग्रजीत बदलून घ्या.

भुसावळ_जंक्शन
एवढा घोळ कशाला, बॉक्स भरल्याशिवाय पुढेचं बटण चालूच करू नका. विषय संपला.

अमळनेरची_ताई
भाऊ ते करून पाह्यलं मी. लोक "अ" लिहून पुढं जातात. रिकामं निदान रिकामं म्हणून ओळखता येतं, तो "अ" कसा ओळखणार?

धुळे_डेव्हलपर
सक्तीच्या मी पण विरोधात आहे, एवढ्यापुरतं ताईंच्या बाजूनं. पण रावेरकर, एक तुमच्या लक्षात आलं का, व्हेरिएबलमध्ये लिहिलेलं येतं ते बॉक्सवरून फोकस गेल्यावर, म्हणजे माणूस बॉक्सच्या बाहेर दुसरीकडं दाबतो तेव्हा. तुम्ही एन्टर दाबल्यावर स्क्रिप्ट चालवत असाल तर माणसानं लिहिलेलं असूनही तिला जुनंच, म्हणजे रिकामंच दिसणार. मग तुमचं "उत्तर दिलं नाही" हे पण खोटंच की.

रावेरकर
हे बरोबर बोलले तुम्ही. आमच्या एका स्लाइडवर एन्टरचा ट्रिगर (एन्टर दाबलं की स्क्रिप्ट चालू) आहेच, आणि मला वाटत होतं लोकच रिकामं सोडतात. आज रात्री तो काढून सगळं बटणावर घेतो, बटण दाबायला गेलं की फोकस निघतोच. पण करप्यात "नाही" भरायला माझा विरोध तसाच आहे, उलट आता जास्तच, कारण लिहिलेल्या माणसाचं उत्तर पण आपण पुसून "नाही" करत होतो.

धुळे_डेव्हलपर
करप्याचं सोडलं मी, तिथं "उत्तर दिलं नाही" भरा आणि त्याला धड्याकडंच पाठवा. खोडांच्या रकान्यात मात्र शब्द नको, तिकडं बेरीज करतात. तो मोकळा ठेवा आणि "उत्तर दिलं का" असं खरं-खोटंचं वेगळं व्हेरिएबल घ्या. नावात "शेतकरी मित्र" राहू द्या.

अमळनेरची_ताई
नावात "शेतकरी मित्र" ठेवा पण फक्त पडद्यावर दाखवायला, रिपोर्टात जाऊ देऊ नका. दोन व्हेरिएबल करा, एक दाखवायचा एक साठवायचा. आमच्या शेतकरी बाया पण हा कोर्स बघतील, त्यांना "मित्र" का म्हणायचं, नुसतं "नमस्कार" पुरेल की.

रावेरकर
ताई हे मान्य. नाव रिकामं असेल तर ती ओळच वेगळ्या लेअरवर (स्लाइडवर वरून दिसणारा थर), नुसती "नमस्कार, चला बागेत".