कॉम्प्युटर सुरू होईना, बॅकअप लागेना: भरवशाचं रिकव्हरी सॉफ्टवेअर सुचवा (बजेट १५००)

आढीवाला
नमस्कार मंडळी. देवगडजवळ असतो. आंब्याचा धंदा, जोडीला दोन खोल्यांचं होमस्टे. असेम्बल केलेला डेस्कटॉप आहे: आय३, ४-४ जीबीच्या दोन रॅम, २४० जीबी एसएसडीवर विंडोज १० आणि १ टीबी हार्ड डिस्क डी म्हणून.

परवा संध्याकाळी वळीव कोसळला. विजा चमकत होत्या, लाईट तीनदा गेली-आली. यूपीएसची बॅटरी गेल्या गणपतीतच मेली आहे. तेव्हापासून चालू केला की 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर', मग ठिपके गोल फिरतात, मग परत पहिले पाढे.

जानेवारीत भाच्याने एका फुकट सॉफ्टवेअरने (नाव घेत नाही, उगाच वाद नको) अख्ख्या सी ड्राइव्हची इमेज (जशीच्या तशी नक्कल, एका फाईलमध्ये) काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवली होती. पेनड्राइव्हवरून बूट करून ती लावायला गेलो तर आधीच्या तपासणीतच ६३ टक्क्यांवर 'इमेज करप्ट'. पुन्हा केलं, ४१ वर अडकलं. तिसऱ्यांदा ८८.

यंदाच्या हंगामाचा हिशेब, कोणाला किती पेट्या गेल्या, कोणाकडून पैसे यायचे, सगळं सीवरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. भरवशाचं रिकव्हरी सॉफ्टवेअर कुठलं? १५०० च्या वर जाणार नाही, फवारणीचं बिल अजून द्यायचंय. आणि फॉरमॅट नको!!

नाना_गुहागर
फॉरमॅट करा. मी दर दिवाळीला करतो. फराळ, अभ्यंगस्नान आणि फॉरमॅट. मशीन कसं लख्ख होतं.

दुबईकर_मालवणी
फुकटच्या सॉफ्टवेअरवर हिशेब ठेवणाऱ्यांचं असंच होतं. मी गेल्या वर्षी दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली बॅकअपची पेटी) घेतला, डिस्क धरून ३८ हजार पडले. वर तीन मशीनचं वर्षाचं लायसन्स. रोज रात्री दोन वाजता आपोआप बॅकअप, सकाळी मोबाईलवर मेसेज. तुम्हीही तेच घ्या, एकदाच काय तो खर्च.

आढीवाला
@दुबईकर, १५०० म्हणालो हो, १५०० दिरहॅम नव्हे.

लिनक्सवाला_बापू
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मेलेल्या घोड्याला कसला नाल ठोकताय? लिनक्स मिंट टाका, विंडोजऐवजी चालतं. मी आठ वर्षांत एकदाही निळी स्क्रीन पाहिलेली नाही.

ते नाही तर निदान एवढं करा: मिंट पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून बूट करा (इन्स्टॉल करायचं नाही, 'ट्राय'वर थांबायचं) आणि सीमधलं हिशेबाचं फोल्डर, 'युजर्स', डेस्कटॉप, सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. जानेवारीची इमेज लागलीच तर सी जानेवारीत जाईल. फेब्रुवारीपासूनच्या पेट्या गेल्या पाण्यात.

आढीवाला
बापरे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

सिंधुदुर्गी_चेडू
+१. आधी डेटा काढा.

मावळतीचा_वारा
माझ्याकडे इमेज काढायला मॅक्रियम रिफ्लेक्ट फ्री आहे, पाच वर्षं झाली, कधी दगा नाही. तेच डाउनलोड करा.

मास्तरीणबाई
मॅक्रियमची फुकट आवृत्ती बंद झाली, तिचा सपोर्टही १ जानेवारी २०२४ पासून नाही. तुमच्याकडची चालत असेल तर चालू दे, पण नव्या माणसाला ती सुचवू नका.

धागाकर्ते, शाळेची २२ मशीनची लॅब मी सांभाळते, म्हणून सांगते. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणी वाचलीच नाही: ६३, ४१, ८८. इमेजची फाईल खरंच खराब असती तर ती दर वेळी एकाच जागी अडकली असती. दर वेळी वेगळ्या टक्क्यावर अडकतेय, म्हणजे वाचणारा चुकतोय. इमेज तपासताना सगळा डेटा रॅममधून जातो. एक रॅम ढिली किंवा गंजलेली असेल तर चांगली इमेजही 'करप्ट' दिसते, आणि विंडोजही असंच गोल गोल फिरतं. दुसरा संशय केबल आणि यूएसबी पोर्टवर. पुढचं पोर्ट सोडून थेट मागच्यात डिस्क लावा.

करायचं असं: वायर काढा, कॅबिनेट उघडा, दोन्ही रॅम काढा, सोनेरी दात साध्या खोडरबराने हलकेच पुसा, मऊ ब्रशने झटका. मग एकच लावून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर. दुसऱ्या दिवशी दुसरी. हे सगळं फुकट आहे. सॉफ्टवेअर नंतर बघू.

नाना_गुहागर
रॅमचा काय संबंध, लाईट गेली होती ना? आणि ही इमेजबिमेज भानगड हवी कशाला? विंडोजचं स्वतःचं सिस्टिम रिस्टोअर असतं. मागच्या तारखेला न्यायचं, संपलं.

मास्तरीणबाई
नाना, ते विंडोज १० मध्ये बऱ्याच मशीनवर बंदच असतं, आपण चालू केलं तरच. आणि ते सिस्टिमच्या फायली, ड्रायव्हर, रजिस्ट्री मागे नेतं. तुमची कागदपत्रं परत आणत नाही. शिवाय रिस्टोअर पॉइंट राहतात त्याच डिस्कवर. डिस्क गेली की तेही गेले. 'रीसेट धिस पीसी' म्हणजे आणखी तिसरंच: 'फायली ठेवा' निवडलं तर फायली राहतात, पण वरून टाकलेली सॉफ्टवेअर उडतात. आढीवाल्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यातच गेलं असतं.

नाना_गुहागर
माझं बारा वर्षं चालतंय.

मास्तरीणबाई
दर दिवाळीला फॉरमॅट करता ना? मग बारा वर्षं काय चाललंय?

वाशिष्ठीकाठ
माझं ऐका. चिपळूणला दुकान. सॉफ्टवेअर पैसे मोजून घेतलेलं, दर रविवारी इमेज, व्हेरिफाय, सगळं हिरवं. आणि बाहेरची डिस्क? त्याच टेबलाच्या खालच्या खणात. २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी शिरलं. कॉम्प्युटर गेला, खण गेला, डिस्क गेली. चिखल काढताना डिस्क सापडली, तिच्या यूएसबीच्या भोकात गाळ घट्ट बसलेला. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, डिस्क दुसऱ्या घरात ठेवा.

दिवेआगरकर
तुमचं पाणी दोन दिवसांत उतरलं तरी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, आमच्या वाडीत सुपाऱ्या आडव्या, कौलं उडालेली आणि लाईट यायला कितीतरी आठवडे. बॅकअप होता, पण लावणार कशावर?

वाशिष्ठीकाठ
दोन दिवसांत उतरलं म्हणे. या एकदा, भिंतीवरची रेघ दाखवतो.

सिंधुदुर्गी_चेडू
अरे मेल्यांनो, भांडताय कित्याक? त्यांचो कॉम्प्युटर बंद आसा.

अंधेरी_लोकल
मी आयटीत आहे. १९ जुलै २०२४ आठवतोय? सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका बिघडलेल्या अपडेटने जगभरात ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. आमच्या मजल्यावर ४० होती. उपाय काय, तर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल उडवायची. सांगायला दोन मिनिटं. पण बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू होता, प्रत्येक मशीन ४८ अंकी की मागत होतं आणि कीची यादी ज्या सर्व्हरवर, तोही निळाच. रात्री अकरापर्यंत वडापाववर होतो.

म्हणून कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर घेण्याआधी बिटलॉकर की कागदावर लिहून ठेवा.

मावळतीचा_वारा
अगदी. मुलीच्या नव्या लॅपटॉपने एक दिवस अचानक तीच की मागितली. ती असते मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर, आणि खातं उघडलेलं दुकानातल्या पोराने, स्वतःच्या फोनवरून. पोरगा आता सुरतेत.

आढीवाला
माझ्या विंडोज १० होमवर ते चालू नाही बहुतेक, मिंटमधून सी सरळ उघडला. डेटा उतरवला. बापूंना एक पेटी लागू. आता कॅबिनेट उघडतो.

तारमिस्त्री
वायरमन आहे, कॉम्प्युटरचं कळत नाही. कातळावर घर आहे का? उन्हाळ्यात कातळ सुकतो, अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात मीठ-कोळसा घातलाय म्हणून निवांत बसू नका, मार्च ते मे आठवड्यातून दोनदा तिथे पाणी ओता. आणि वीज चमकायला लागली की प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नेटची वायरपण काढा.

दुबईकर_मालवणी
इन्व्हर्टर घ्या सरळ. साइन वेव्ह.

तारमिस्त्री
इन्व्हर्टर आहे तिथेही कॉम्प्युटर रिस्टार्ट होताना पाहिलाय मी. त्याला यूपीएसच.

आढीवाला
अपडेट. कॅबिनेट उघडला. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. कॉम्प्युटर ठेवलाय आढीच्या शेजारच्या खोलीत. पंख्याखाली पेंढ्याच्या काड्या, एका कोपऱ्यात पालीची दोन अंडी, आणि एका रॅमच्या दातांवर हिरवट पांढरं काहीतरी. खाऱ्या हवेने तांब्याच्या भांड्याला येतं तसं. पोरीचं खोडरबर घेऊन पुसलं. तरीही ती रॅम एकटी लावून मेमटेस्ट सुरू केला, सात मिनिटांत स्क्रीन लालभडक. दुसरी रात्रभर चालली, एक चूक नाही.

खराब रॅम काढून टाकली. विंडोज सुरू! आधी डिस्क तपासत बसलं वीसेक मिनिटं, मग माझा कुणकेश्वरचा वॉलपेपर. इमेज लावावीच लागली नाही. तरी मुद्दाम तपासून बघितली: १०० टक्के, ठीक. भाच्याला फोन करून त्याच्या सॉफ्टवेअरची माफी मागितली.

मास्तरीणबाई
छान! आता ४ जीबीवर ताण नको, जुनी डीडीआर४ रॅम सेकंडहँड घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून एसएसडीची तब्येत बघा. आणि आजच ताजी इमेज काढा. भाच्याचंच सॉफ्टवेअर चालेल. बदलायचंच तर वीम एजंटची फुकट आवृत्ती बरी, त्यात इमेजमधून एखादी फाईल सुटी काढता येते. क्लोनझिलापण भरवशाचं आहे, पण पडदा सगळा अक्षरांचा, आणि मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर ते सहजी उतरत नाही. काहीही घ्या, रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवून एकदा त्यावरून बूट करून बघा, तुमची डिस्क त्याला दिसते का. नवीन लॅपटॉपवर कधीकधी स्टोरेजचा ड्रायव्हर नसल्याने दिसतच नाही, आणि ते कळतं नेमकं अडल्या वेळी.

अंधेरी_लोकल
+१, ताजी इमेज आजच.

लिनक्सवाला_बापू
+१. (किंवा मिंट.)

दुबईकर_मालवणी
नॅस.

आढीवाला
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: सॉफ्टवेअर घेत नाही. १५०० मधून यूपीएसची बॅटरी आणली, उरलेल्यातून दोनशे पानी रोजमेळ वही. बायको म्हणाली, जाणारी पेटी आधी वहीत, मग कॉम्प्युटरमध्ये. इमेज हंगाम संपल्यावर, आत्ता माणसं भरायला बसलीत आणि मी इथे टाईप करतोय.

मास्तरीणबाई
हंगाम संपेपर्यंत एसएसडी गेली तर? तासाभराचं काम आहे हो!

आढीवाला
बाई, मे महिन्यात तास कुठून आणू? भाचा पंधरा जूनला येतोय, तो काढेल.

वाशिष्ठीकाठ
बाहेरची डिस्क तरी हलवलीत का?

आढीवाला
हो, ती हलवली. शेजारच्या काकूंकडे, तांदळाच्या डब्यात. तांदूळ दमट होऊ देत नाही म्हणतात.

वाशिष्ठीकाठ
डबा कितव्या फळीवर?