गायन-वादनाच्या पदवीला धंद्याचा पेपर कशाला?

षड्जपंचम (धागाकर्ता)
मी एका विद्यापीठात संगीत शिकवतो. विभागात अभ्यासक्रमाची फेररचना चालू आहे आणि सादरीकरणाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना उद्योजकता हा विषय सक्तीचा करायचं घाटतंय. बैठकीत मी विरोध केला. कारणं इथे मांडतो, खुशाल चिरफाड करा.

गाणं अंगात मुरायला वेळ लागतो. आठवड्याचे चार तास रियाजातून काढून पोरांना व्यवसायाचे आराखडे लिहायला बसवलं, तर दोन वर्षांनी ना धड गवई, ना धड व्यापारी. शिवाय यातला छुपा सूर मला खटकतो. मैफली मिळत नाहीत? मग तूच कमी पडलास, तुला स्वतःला विकता आलं नाही! १९६६ साली बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं की रोग कलाकाराच्या आळसात नाहीच. कारखान्यात माणशी उत्पादन वाढत जातं आणि त्याबरोबर सगळीकडचे पगारही. पण चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघांनाच आणि तेवढाच वेळ वाजवावी लागे, आजही तसंच. खर्च चढतो, उत्पादन तिथल्या तिथे. हे एका पेपराने सुटणार आहे का?

टिपेचा सूर
साफ असहमत. कलावंताने पैशाकडे बघू नये, हे तत्त्वज्ञान ज्यांना दुसरं कुणी पोसत होतं त्यांचं. मोझार्टने १७८१ मध्ये साल्झबर्गच्या आर्चबिशपची चाकरी सोडली आणि व्हिएन्नात स्वतःच्या हिमतीवर उभा राहिला. १७८४ मध्ये त्याने तीन मैफलींसाठी आगाऊ वर्गणी जमवली; वडिलांना कळवलेल्या यादीत १७४ नावं होती. वर्गणीदार गाठायचे, जागा ठरवायची, नवे कॉन्चर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचना) लिहायचे आणि वाजवायचेही. ही उद्योजकता नाही तर काय?

आणि हे फॅड कालपरवाचं नाही. रॉचेस्टर विद्यापीठाच्या ईस्टमन संगीतशाळेत कला-नेतृत्वाचा कार्यक्रम १९९६ पासून आहे. तिथले वादक वाजवायचं विसरल्याचं ऐकिवात नाही.

षड्जपंचम
मोझार्टची गोष्ट अर्धीच सांगितलीत. १७८९ मध्ये त्याने तशीच यादी पुन्हा फिरवली. दोन आठवड्यांनी तिच्यावर एकच नाव होतं, त्याचा आश्रयदाता व्हान स्वीटन याचं. माणूस तोच, हात तोच, अनुभव उलट वाढलेला. पण तुर्कांशी युद्ध चालू होतं आणि सरदारांनी हात आखडता घेतला होता. तुमचा पेपर त्याला इथे काय शिकवणार?

सारणी
सर, मी यंदाच बासरीत पदव्युत्तर झाले (तुमच्या विभागातून नाही). पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी समोर कागद आला: सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमचे. मी सही केली. बंदिश पारंपरिक, तिच्यावर आपला कसला हक्क, असं वाटलं. नंतर कळलं की रचनेचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा आणि वाजवणाऱ्याचा आणखी वेगळा. १९६१ च्या रोम करारातच सादरकर्त्यांच्या हक्कांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. दोन वर्षांत एकाही तासाला कुणी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. रागांच्या वेळांवर मात्र आमचे तीन आठवडे गेले.

उधारखाते
सारणी, +१.

बाकी दोघांसाठी गायक विष्णु दिगंबर पलुसकरांचं उदाहरण. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही संस्थानिकाच्या आश्रयावर नाही. लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या मैफली यांवर. म्हणजे टिपेचा सूर जिंकले. पुढे मुंबईत इमारतीसाठी कर्ज काढलं, ते फिटलं नाही आणि वास्तूचा लिलाव झाला. म्हणजे धागाकर्ते जिंकले? मला वाटतं, त्या कर्जाचं गणित मांडायला त्यांच्या शेजारी कुणीतरी जाणता बसायला हवा होता. विद्यापीठात तसा माणूस दोन इमारती पलीकडे, व्यवस्थापन विभागात असतो. प्रत्येक गायकाला हिशेबनीस करण्यापेक्षा दोन्हीकडची पोरं एका बाकावर बसवा.

सारणी
पण शेजारी बसलेला काय लिहितोय ते वाचता तर आलं पाहिजे ना.

दोन इमारती पलीकडचा
हजर! मी व्यवस्थापन शिकवतो आणि हा विषय शेवटी आमच्याच गळ्यात पडणार, हे लिहून ठेवा. आधीच कबूल करतो, आमची निम्मी उदाहरणं साबणाची आणि उरलेली ॲपची. साबणाची दहा हजारावी वडी पहिलीपेक्षा स्वस्त पडते. मैफलीचं तसं नसतं. सभागृहाचं भाडं, ध्वनिव्यवस्था, साथीदारांचं मानधन हे ४० श्रोते आले तरी तेवढंच आणि २०० आले तरी तेवढंच. रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या दुसऱ्या दिवशी विकता येत नाहीत. म्हणून आमचा तयार पेपर उचलून तुमच्याकडे आणला तर तो फसेल, एवढं धागाकर्त्यांचं मान्य.

माझ्या मते लेखी परीक्षाच नको. विद्यार्थ्याने एक खरी मैफल उभी करावी: तिकीट किती, किती खुर्च्या भरल्या की खर्च निघतो, करारात काय लिहिलंय, प्रयोग रद्द झाला तर पैसे कुणाचे बुडणार. तोटा झाला म्हणून नापास करू नये. साथीदाराचं मानधन थकवलं तर मात्र नापास, मग आलाप कितीही सुरेल असो.

षड्जपंचम
शेवटची अट मी जशीच्या तशी बैठकीत मांडणार. हक्क आणि करार यांचे आठ-दहा तास व्हावेत, हेही मान्य. सारणी, तुमच्या प्रतिसादाने जरा ओशाळलो. पण वर्षभर सक्तीला विरोध कायम. ऐच्छिक ठेवा.

टिपेचा सूर
ऐच्छिक ठेवलंत तर ज्यांना खरी गरज आहे तेच घेणार नाहीत.

षड्जपंचम
ते तेव्हा रियाज करत असतील.

सारणी
बैठक कधी आहे? आणि तिथे विद्यार्थ्यांना बसू देतात का?